पाचपर्यंत येतो, पाचपर्यंत थांबतो

‘त्या वेळी’, ‘त्या दिवशी’, ‘त्या वर्षी’. मराठीत तिन्ही ठिकाणी एकच प्रत्यय आहे, सप्तमीचा ई. इंग्रजीत मात्र तिघांना तीन वेगळे शब्द लागतात: ‘ॲट दॅट टाइम’, ‘ऑन दॅट डे’, ‘इन दॅट इयर’. शाळेत दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकलेला, इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचणारा माणूससुद्धा रजेचा अर्ज लिहिताना इथे थबकतो. शब्दसंग्रह वाढला, काळ पक्के झाले, तरी हे दोन-तीन अक्षरी शब्द शेवटपर्यंत छळतात. ही अडचण लाजेची मुळीच नाही. युरोपातल्या भाषा बोलणारी माणसेही इंग्रजी शिकताना याच ठिकाणी अडखळतात. प्रश्न असा आहे की काळासाठी योग्य प्रीपोझिशन निवडायचे कसे, याची जी उत्तरे आजवर दिली गेली, त्यांपैकी मराठी माणसाच्या खरोखर उपयोगाची कोणती?

माझे म्हणणे आधीच सांगतो. शाळेत आपल्याला वेळेकडे पाहून शब्द निवडायला शिकवतात: वेळ लहान की मोठी, वार की महिना. हे निम्मेच खरे आहे. उरलेला निम्मा निर्णय क्रियापदाकडे पाहून घ्यावा लागतो. ती क्रिया एका क्षणात घडते, काही काळ चालू राहते, की एका टोकाला जाऊन पूर्ण होते, हे आधी ठरवावे लागते. आणि हा भेद मराठीच्या विभक्तींत आणि शब्दयोगी अव्ययांत आधीपासून मुरलेला आहे. तो वर्गात कुणी वापरत नाही, ही खरी हानी आहे.

महाराष्ट्रात इंग्रजी शिकवण्याची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्या वाढल्या. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करत करत भाषा हातात आणायची, ही तिची रीत. पुढे रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण घरोघरी पोहोचले. त्यातले पी. सी. रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहिणारेच. ते इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये होते आणि त्यांनी हिंदुस्थानात वर्षानुवर्षे शिक्षणाचे काम केले होते. १९८५ साली आलेले रेमंड मर्फी यांचे ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ आज स्पर्धापरीक्षांच्या वर्गांत दिसते. मराठी शाळांत पूर्वी पाचवीपासून शिकवले जाणारे इंग्रजी २००० सालापासून पहिलीतच आले. पुस्तके बदलली, इयत्ता बदलली, पण काळाच्या प्रीपोझिशनांचा धडा बहुतेक ठिकाणी एकाच आकृतीपाशी येऊन थांबतो. उलटा त्रिकोण: वर रुंद भागात ‘इन’, मध्ये ‘ऑन’, खाली टोकाला ‘ॲट’. वर्ष, महिना, ऋतू, शतक यांना ‘इन’. वार आणि तारीख यांना ‘ऑन’. घड्याळातल्या वेळेला ‘ॲट’.

हा त्रिकोण टाकाऊ नाही. नव्याने शिकणाऱ्याला तो पहिल्या दिवशी उभे राहायला जागा देतो, आणि त्याच्या मुळाशी खरे निरीक्षण आहे. काळाबद्दल बोलताना माणूस जागेचे शब्द उसने घेतो. मार्टिन हास्पेलमाथ या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९९७ साली पन्नासहून अधिक भाषांतली कालदर्शक पदे ताडून पाहिली, त्या ग्रंथाचे नावच ‘फ्रॉम स्पेस टू टाइम’ आहे. घड्याळाची वेळ, दिवसाचा भाग, वार, महिना, ऋतू, वर्ष यांना कोणती भाषा कोणते चिन्ह लावते, हे त्यांनी मांडले. जागेवरून काळाकडे जाण्याची ही वाट जगभर दिसते. मात्र कोणत्या कालखंडाला कोणते चिन्ह, हे प्रत्येक भाषा आपापल्या इतिहासाप्रमाणे ठरवते. आपणही ‘मे महिन्यात’, ‘उन्हाळ्यात’, ‘गेल्या शतकात’ म्हणतो तेव्हा डब्यात वस्तू ठेवावी तशी घटना काळात ठेवत असतो. ‘पाच वाजता’, ‘दहाला’ म्हणताना एका टोकावर बोट ठेवतो. म्हणजे त्रिकोणाची दोन टोके आपल्याला परकी नाहीत.

घोटाळा मधल्या पट्ट्यात होतो. ‘सोमवारी’ला ‘ऑन’. ‘सकाळी’ला ‘इन द’. ‘रात्री’ला ‘ॲट’. ‘गेल्या वर्षी’ला काहीच नाही. मराठीचा एक ई इंग्रजीत चार रूपे घेतो, त्यांतले एक रूप म्हणजे रिकामी जागा. लहान-मोठेपणाच्या नियमाने हे सुटत नाही. रात्र काही सकाळपेक्षा लहान नसते. ‘ॲट नाइट’ का, याची कारणे पुढे केली जातात, की अंधार आणि झोप यांमुळे रात्र एकाच क्षणासारखी वाटते. मला हे स्पष्टीकरण मागाहून रचलेले वाटते. त्यापेक्षा वापराकडे पाहावे. नेहमीच्या, रोजच्या रात्रीबद्दल बोलताना ‘ॲट नाइट’ येते: पहारेकरी रात्री काम करतो, मला रात्री झोप येत नाही. एका विशिष्ट रात्रीत कधीतरी काही घडले तर ‘इन द नाइट’: रात्रीतून पाऊस पडून गेला. आणि रात्रीला तारीख जोडली की लगेच ‘ऑन’: ‘ऑन द नाइट ऑफ’ अमुक तारीख. ‘सकाळी’लाही हेच लागू. ‘इन द मॉर्निंग’, पण सोमवारची सकाळ म्हटली की ‘ऑन मंडे मॉर्निंग’. वार किंवा तारीख आली की तिचाच शब्द चालतो, दिवसाचा भाग मागे हटतो. हा एक नियम मात्र अगदी भरवशाचा आहे.

इंग्रजीचा स्वतःचा इतिहास या गोंधळावर प्रकाश टाकतो. जुन्या इंग्रजीत आजच्या ‘इन’ आणि ‘ऑन’ यांची बरीच कामे ‘ऑन’ हा एकच शब्द करत असे. वाटण्या नंतर झाल्या आणि त्या सगळीकडे सारख्या झाल्या नाहीत. ‘ट्वाइस अ डे’ यातला ‘अ’ आज आपल्याला उपपद वाटतो, पण मुळात तो झिजलेला ‘ऑन’ आहे. ‘ओ’क्लॉक’ हे ‘ऑफ द क्लॉक’चे आखडलेले रूप. ‘टिल’ हे ‘अनटिल’चे संक्षिप्त रूप असावे असे वाटते, प्रत्यक्षात ‘टिल’च जुना आहे. तो स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला आणि ‘अनटिल’ त्यावरून पुढे घडला. ‘ड्युरिंग’ हा एका जुन्या क्रियापदाचा ‘टिकत असताना’ असा अर्थ देणारा अवशेष आहे, म्हणूनच त्याच्यापुढे घटनेचे किंवा कालखंडाचे नाव हवे, नुसता आकडा चालत नाही. ‘ड्युरिंग द मीटिंग’ बरोबर, ‘ड्युरिंग टू अवर्स’ चूक. इतिहास ठाऊक झाल्याने लगेच बरोबर बोलता येईल असे नाही, पण नियमांतल्या फटी शिकणाऱ्याच्या बुद्धीतल्या नसून भाषेच्या वयातून आलेल्या आहेत, एवढे कळले तरी मनावरचा भार उतरतो.

आता ती रिकामी जागा. ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांपैकी एखादा शब्द वाराच्या किंवा वर्षाच्या आधी आला की प्रीपोझिशन गळते. ‘आय विल कम नेक्स्ट मंडे’, ‘शी गॉट मॅरिड लास्ट इयर’. मराठी माणूस इथे ‘ऑन नेक्स्ट मंडे’, ‘इन लास्ट इयर’ म्हणतो, कारण ‘पुढच्या सोमवारी’, ‘गेल्या वर्षी’ यांत प्रत्यय त्याला स्पष्ट ऐकू येतो आणि तो प्रत्यय वाया घालवायला त्याचे मन तयार होत नाही. ‘उद्या’, ‘काल’, ‘आज’ यांना मराठीतही प्रत्यय नाही, म्हणून ‘ऑन टुमॉरो’ अशी चूक आपल्याकडून फारशी होत नाही. चूक कुठून येते हे इतके स्वच्छ दिसत असताना ती केवळ लाल शाईने खोडणे मला अन्यायाचे वाटते. अमेरिकन बोलीत तर नुसत्या वारापुढचे ‘ऑन’ही गळते, ‘सी यू मंडे’ तिथे रोजचे आहे.

खरी परीक्षा ‘पर्यंत’पाशी आहे.

‘मी पाचपर्यंत येतो’ आणि ‘मी पाचपर्यंत थांबतो’. मराठीत अव्यय एकच, आणि कुणाचाही कधी गैरसमज होत नाही. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फाइव्ह’, दुसऱ्याला ‘टिल’ किंवा ‘अनटिल फाइव्ह’. ‘आय विल कम टिल फाइव्ह’ हे वाक्य कार्यालयांत सर्रास ऐकू येते, आणि ऐकणाऱ्या इंग्रजाला ते विचित्र वाटते, कारण ‘येणे’ ही पाचपर्यंत पुरणारी क्रिया नव्हे. ती एका क्षणी घडते आणि संपते. थांबणे, वाट पाहणे, झोपणे, दुकान उघडे असणे या चालू राहणाऱ्या गोष्टी. त्या कुठवर ताणल्या जातात, ते ‘टिल’ सांगतो. येणे, पोहोचणे, अर्ज देणे, पैसे भरणे, काम संपवणे या एकदाच घडणाऱ्या गोष्टी. त्या उशिरात उशिरा कधी घडाव्यात, ते ‘बाय’ सांगतो. दोन्ही वाक्यांत वेळ अगदी तीच आहे, पाच. त्रिकोण इथे काहीच मदत करू शकत नाही. निर्णय पूर्णपणे क्रियापदाचा आहे.

मराठी माणूस हा भेद जाणत नाही, असे म्हणता येईल का? मुळीच नाही. तो भेद कळतो म्हणूनच त्याला एक ‘पर्यंत’ पुरतो. क्रियापद ऐकताच अर्थ आपोआप वेगळा होतो, मग दुसऱ्या शब्दाची गरज उरत नाही. जर्मन भाषेतला ‘बिस’ असाच दोन्ही कामे करतो आणि जर्मन विद्यार्थीही इंग्रजीत नेमके याच जागी चुकतात. म्हणून शिक्षकाने वर्गात ‘बाय’ आणि ‘टिल’च्या व्याख्या सांगण्याऐवजी एक प्रश्न विचारावा: ‘पर्यंत’च्या आधी ‘सबंध वेळ’ घालून पाहा, वाक्य जमते का? ‘सबंध वेळ, पाचपर्यंत थांबतो’ जमते, म्हणून ‘टिल’. ‘सबंध वेळ, पाचपर्यंत येतो’ जमत नाही, म्हणून ‘बाय’. मराठीवरच केलेली ही कसोटी सातवी-आठवीतल्या मुलालाही सहज करता येईल.

नकार आला की प्रकरण अधिक बारीक होते. ‘तो पाचपर्यंत येणार नाही’ या वाक्याचे मराठीत दोन अर्थ निघतात. एक, पाच वाजले तरी तो आलेला नसेल, पुढे कधी येईल सांगता येत नाही. दोन, पाच वाजेपर्यंत तो नसेल, पाचला येईल. इंग्रजीत पहिल्याला ‘नॉट बाय फाइव्ह’, दुसऱ्याला ‘नॉट अनटिल फाइव्ह’. ‘येणे’ क्षणिक असले तरी ‘न येणे’ ही चालू राहणारी स्थिती आहे, म्हणून दुसऱ्या अर्थात ‘अनटिल’ला जागा मिळते. मराठीला हा दुसरा अर्थ निःसंदिग्ध सांगायचा असेल तर आपण ‘पाच वाजल्याशिवाय येणार नाही’ म्हणतो. ते वाक्य मनात आले की ‘अनटिल’ बिनधास्त लिहावे.

‘पासून’चेही असेच आहे, फक्त इथे बदनामी जास्त झाली आहे. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ हे वाक्य भारतीय इंग्रजीची ओळख म्हणून जगभर सांगितले जाते. त्यामागे ‘मी इथे तीन वर्षांपासून काम करतो आहे’ हे निर्दोष मराठी वाक्य उभे आहे: ‘पासून’ही जसेच्या तसे, वर्तमानकाळही जसाच्या तसा. फ्रेंच ‘दप्वी’ आणि जर्मन ‘झाइट’ हे शब्दही वर्षांच्या आकड्याबरोबर आणि वर्तमानकाळाबरोबरच येतात, त्यामुळे ही केवळ आपली चूक नाही. इंग्रजी मात्र इथे दोन गोष्टी वेगळ्या करते. काम कधी सुरू झाले तो टप्पा सांगायचा तर ‘सिन्स’: ‘सिन्स २०२०’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स चाइल्डहूड’. किती काळ चालले आहे ती लांबी सांगायची तर ‘फॉर’: ‘फॉर थ्री इयर्स’. आणि दोन्हींबरोबर क्रियापद ‘हॅव’ घेऊन येते, कारण तेव्हापासून आजपर्यंतचा पूल बांधायचा असतो.

यावरही मराठीतच तोडगा आहे. ‘तीन वर्षांपासून’ ऐवजी जुनी, देखणी रचना घ्या: ‘गेली तीन वर्षे मी इथे काम करतो आहे.’ ‘गेली तीन वर्षे’ला प्रत्ययही नाही आणि अव्ययही नाही, ती निव्वळ लांबी आहे. जे वाक्य ‘गेली अमुक वर्षे’, ‘गेले दोन महिने’ असे फिरवता येते, तिथे ‘फॉर’. जे फिरवता येत नाही, म्हणजे ‘गेला सोमवार मी इथे काम करतो आहे’ असे काही म्हणताच येत नाही, तिथे ‘सिन्स’. ‘पासून’चा तिसरा वाटेकरी ‘फ्रॉम’. ‘सोमवारपासून ताप आहे’ यात सोमवार मागे गेला आहे आणि ताप अजून आहे, म्हणून ‘सिन्स’. ‘सोमवारपासून शाळा सुरू’ यात सोमवार यायचा आहे, म्हणून ‘फ्रॉम’. ‘सकाळपासून’ला आपण ‘सिन्स मॉर्निंग’ म्हणतो, इंग्लंडात ‘सिन्स धिस मॉर्निंग’ म्हणतात. हा फरक मी चूक मानत नाही. अर्थ अचूक पोहोचतो, भारतभर पोहोचतो, आणि एवढ्या मोठ्या प्रदेशात रुळलेल्या इंग्रजीला स्वतःच्या काही लकबी असणारच. ‘सिन्स थ्री इयर्स’ मात्र परदेशी वाचकाला अडवते, म्हणून नोकरीच्या अर्जात ते टाळावे.

आता या सगळ्या प्रश्नातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. झीनो वेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ साली ‘व्हर्ब्ज अँड टाइम्स’ नावाचा निबंध लिहिला. क्रियापदे काळात कशी पसरतात यावरून त्याने त्यांचे चार वर्ग केले: स्थिती, चालू राहणारी कृती, पूर्णत्वाला जाणारी कृती आणि क्षणात घडणारी घटना. हे वर्ग ओळखायला भाषाशास्त्रज्ञ आजही जी साधी कसोटी वापरतात ती प्रीपोझिशनांचीच आहे. क्रिया ‘फॉर ॲन अवर’ घेते की ‘इन ॲन अवर’? माणूस ‘फॉर ॲन अवर’ चालतो, पण पत्र ‘इन ॲन अवर’ लिहून होते. ‘फॉर’ घेणाऱ्या क्रियेला स्वतःचा शेवट नसतो, ती कुठेही थांबवता येते. ‘इन’ घेणारी क्रिया एका टोकाला पोहोचते आणि तिथे संपते.

हे इंग्रजीत समजावून सांगायला पानेच्या पाने खर्ची पडतात. मराठीत बघा: ‘त्याने दोन तास पत्र लिहिले.’ ‘त्याने दोन तासांत पत्र लिहिले.’ पहिल्या वाक्यात पत्र पूर्ण झाले की नाही ते माहीत नाही, दुसऱ्यात झाले आहे. बिनप्रत्ययाचे ‘दोन तास’ म्हणजे ‘फॉर’, सप्तमीतले ‘दोन तासांत’ म्हणजे ‘इन’. वेंडलरची कसोटी मराठीत जशीच्या तशी लागू पडते, आणि मराठी बोलणारे लहान मूल ती रोज वापरत असते. मग शाळेत हा धडा ‘फॉर म्हणजे साठी’ असा का सुरू होतो, हे मला कळत नाही. ‘साठी’ फक्त एका जागी खरे आहे: ‘तो तीन दिवसांसाठी पुण्याला गेला’, म्हणजे परत यायच्या बेताने तेवढी मुदत ठरवून गेला. ‘तो तीन दिवस पुण्यात होता’ यात ‘साठी’ कुठेच नाही, तरी इंग्रजीत ‘फॉर’च. ‘साठी’वर विसंबणारा विद्यार्थी हे दुसरे वाक्य ‘ही वॉज इन पुणे थ्री डेज’ असे लिहितो आणि गुण गमावतो.

सप्तमीच्या शेजारी मराठीत एक तृतीयाही आहे, आणि तिथे आपली भाषा इंग्रजीपेक्षा नेमकी आहे. ‘दोन तासांत येतो’ आणि ‘दोन तासांनी येतो’. पहिल्यात दोन तास संपायच्या आत कधीही येईन. दुसऱ्यात दोन तास उलटल्यावर येईन, त्याआधी वाट पाहू नका. इंग्रजी ‘आय विल कम इन टू अवर्स’ बहुधा दुसरा अर्थ देते. पण ‘आय विल फिनिश इट इन टू अवर्स’ म्हटले तर दोन्ही अर्थ शक्य राहतात: करायला दोन तास लागतील, किंवा आतापासून दोन तासांनी ते झालेले असेल. हा संशय नको असेल तेव्हा इंग्रजीत ‘विदिन’ वापरतात, जे आपल्या ‘च्या आत’चे काम करते. ‘दोन तासांनी’चे भाषांतर आपल्याकडे ‘आफ्टर टू अवर्स’ असे होते. आतापासून पुढची वेळ सांगताना ‘इन टू अवर्स’ म्हणणे अधिक सहज आहे. भूतकाळातल्या गोष्टीत ‘दोन तासांनी तो परतला’ असेल तर ‘टू अवर्स लेटर’. आणि ‘दोन तासांपूर्वी’साठी इंग्रजीत जो ‘अगो’ आहे, तो मला फार जवळचा वाटतो, कारण तो नामाच्या मागून येतो. ‘टू अवर्स अगो’. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या केंब्रिज व्याकरणात त्याला प्रीपोझिशनच मानले आहे, फक्त आपल्या शब्दयोगी अव्ययासारखी जागा घेणारे.

हे छोटे शब्द कायद्यात शिरले की त्यांच्यावर माणसाचे स्वातंत्र्य आणि पैसा अवलंबून राहतो. संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. तिथे इंग्रजीत ‘विदिन’ आहे. ‘इन’ असते तर ‘चोवीस तासांनी’ असा अर्थ लावायला कुणीतरी उभा राहिला असता. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा, त्यातही अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत, आणि जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत माहिती द्यायची, तिथेही ‘विदिन’च.

पण दिवस मोजायचे कुठून? पहिला दिवस धरायचा की सोडायचा? १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे नववे कलम हे प्रीपोझिशनांवरच सोपवते. केंद्रीय कायद्यात पहिला दिवस वगळायचा असेल तर ‘फ्रॉम’ हा शब्द पुरेसा आहे आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर ‘टू’ पुरेसा आहे, असे ते सांगते. यातून चेक न वटण्याच्या खटल्यांत एक मोठा वाद उभा राहिला. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४२ मध्ये तक्रार करण्याची एक महिन्याची मुदत ‘विदिन वन मंथ ऑफ द डेट’ अशा शब्दांत आहे. तिथे ‘फ्रॉम’ नाही, ‘ऑफ’ आहे. मग पहिला दिवस वगळायचा की नाही? एका दिवसाच्या फरकाने तक्रार मुदतबाह्य ठरू शकत होती. सर्वोच्च न्यायालयाचे यावरचे आधीचे निर्णय एकमेकांशी जुळत नव्हते. शेवटी २०१३ साली इकॉन अँत्री विरुद्ध रोम इंडस्ट्रीज या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ‘ऑफ’ आणि ‘फ्रॉम’ यांत भेद करण्याचा युक्तिवाद नाकारला आणि ज्या दिवशी दाव्याचे कारण निर्माण होते तो दिवस वगळूनच महिना मोजायचा, असे ठरवले. दोन अक्षरांच्या शब्दावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावे लागले, यात मला काही क्षुल्लक वाटत नाही. सामान्य माणसाची रक्कम त्या शब्दावर अडकलेली होती.

शेवटचा दिवस धरायचा की नाही, हा प्रश्न न्यायालयाबाहेरही येतो. ब्रिटिश ‘मंडे टू फ्रायडे’ला शुक्रवार आत की बाहेर याची शंका राहू शकते, म्हणून ब्रिटिश लोक गरज पडल्यास ‘इन्क्लुझिव्ह’ जोडतात. अमेरिकनांनी ‘मंडे थ्रू फ्रायडे’ करून शुक्रवार पक्का आत घेतला. दोन्हीकडचे आणखी काही फरक ओझरते सांगतो: ब्रिटिश ‘ॲट द वीकेंड’ अमेरिकेत ‘ऑन द वीकेंड’ होते, आणि ब्रिटिश माणसाचे ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच, साडेचार नव्हे. अमेरिकेत ‘क्वार्टर ऑफ फाइव्ह’ म्हणजे पावणेपाच, सव्वापाच नव्हे. परदेशी मुलाखतीची वेळ पक्की करताना आकड्यांतच लिहिलेले बरे.

कधीकधी दोन भाषा आपसूक जुळतात, आणि तेव्हा आनंद होतो. गाडी ‘वेळेवर’ आली म्हणजे ‘ऑन टाइम’. रुग्णवाहिका ‘वेळेत’ पोहोचली, जीव वाचला, म्हणजे ‘इन टाइम’. ‘वर’ला ‘ऑन’, ‘त’ला ‘इन’, आणि अर्थही तंतोतंत. ‘शेवटी’पाशी मात्र सावध राहावे: ‘महिन्याच्या शेवटी’ म्हणजे ‘ॲट द एंड ऑफ द मंथ’, तर ‘शेवटी तो तयार झाला’ म्हणजे ‘इन द एंड’.

बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात कोबिल्ड प्रकल्पाने प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा मोठा साठा संगणकावर जमवला आणि १९८७ साली त्यावरून शब्दकोश काढला. सिंक्लेअर यांचा निष्कर्ष असा की आपण शब्द एकेक निवडत नाही, बरेचसे शब्द जोडीने, तयार तुकड्यांत निवडतो. ‘ॲट नाइट’, ‘इन द मॉर्निंग’, ‘ऑन टाइम’ हे असे तुकडे आहेत. ते फोडून त्यांतल्या ‘ॲट’चे कारण शोधण्यापेक्षा सबंध तुकडा ऐकून, बोलून तोंडात बसवणे शहाणपणाचे. म्हणजे शिकायच्या गोष्टी दोन प्रकारच्या झाल्या: काही तुकडे पाठच करायचे, आणि ‘बाय-टिल’, ‘सिन्स-फॉर-फ्रॉम’, ‘इन-विदिन’ हे मात्र क्रियापद पाहून ठरवायचे. आपली पुस्तके दोन्ही एकाच यादीत घालतात आणि विद्यार्थ्याला वाटते की सगळेच पाठांतर आहे.

परीक्षांनी हे अधिक बिघडवले आहे. शाळेपासून स्पर्धापरीक्षांपर्यंत प्रश्न येतो तो रिकाम्या जागेचा. ‘ही विल कम डॅश फाइव्ह ओ’क्लॉक.’ उत्तर ‘ॲट’. पण ‘बाय’ का नको? ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अराउंड’ यांपैकी कोणते चूक आहे? पाचही वाक्ये इंग्रजीत निर्दोष आहेत, फक्त त्यांचे अर्थ वेगळे आहेत, आणि बोलणाऱ्याला कोणता अर्थ हवा होता ते प्रश्नाने सांगितलेच नाही. अर्थ न सांगता शब्द मागणारी परीक्षा विद्यार्थ्याला अंदाज बांधायला शिकवते. तर्खडकरांच्या जुन्या रीतीत निदान एवढे होते की सबंध मराठी वाक्य समोर असे, बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ त्यात असे. आजचा शिक्षक ती रीत इथे तरी पुन्हा वापरू शकतो. फळ्यावर चार वाक्ये लिहावीत: ‘मी दोन तास वाट पाहिली.’ ‘तिने दोन तासांत स्वयंपाक उरकला.’ ‘बाबा दोन तासांनी येतील.’ ‘औषध दोन तासांच्या आत द्या.’ मुलांना आधी मराठीतच विचारावे की यांत फरक काय. उत्तरे देताना ती अडखळणार नाहीत. मग त्या उत्तरांसमोर ‘फॉर’, ‘इन’, पुन्हा ‘इन’ आणि ‘विदिन’ लिहावे, आणि दुसरे-तिसरे वाक्य वेगळे असूनही इंग्रजीने दोघांना एकच शब्द का दिला, यावर तास संपेपर्यंत मुलांना बोलू द्यावे.